क्लस्टर म्हणजे नुसती बिल्डिंग नाही हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकला मोठा प्रोजेक्ट येत नाही, सगळं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला जातं, ही रड आपल्या पेपरात नेहमी असते आणि ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण मोठा कारखाना यायचा तेव्हा येईल, अंबड, सातपूर, सिन्नरला जे छोटे गाळे आज चालू आहेत ते टिकायचे कसे यावर फारसं कुणी बोलत नाही. मी स्वतः व्हेंडर आहे, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट बनवून देतो, टर्निंग (लेथचं काम) आणि व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) जॉबवर्क करतो, त्यामुळे जे लिहितोय ते गाळ्यात उभं राहून लिहितोय असं समजा.

एकाच धंद्याचे लोक एका ठिकाणी जमले, म्हणजे क्लस्टर झालं, की त्याचा फायदा आपोआप होतो, हे अल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1890 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे आधी मायको, महिंद्र, क्रॉम्प्टन, ओझरला एचएएल आले, मग त्यांच्या भोवती व्हेंडर, व्हेंडरच्या भोवती हीट ट्रीटमेंटवाले, प्लेटिंगवाले, टूल रीशार्पनिंगवाले, स्क्रॅपवाले. आज सकाळी माझा इन्सर्ट (कटिंग टूलचं पातं) संपला तर दुपारच्या आत दुसरा मिळतो, सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) सोडून गेला तर नाक्यावर चहा पिता पिता नवीन कळतो. हेच मशीन एखाद्या तालुक्याच्या गावी टाकलं तर स्पिंडल बिघडल्यावर सर्व्हिसवाल्याची वाट बघत बसावं लागेल.

पण हा फायदा चाकणवाल्यालाही आहे आणि राजकोटवाल्यालाही. नुसतं शेजारी बसून जे मिळायचं ते आपल्याला मिळून गेलंय, पुढचं एकत्र काम केल्याशिवाय मिळत नाही आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं. उदाहरण सीएमएमचं, म्हणजे पार्टची बारीक मापं तपासणाऱ्या मशीनचं घ्या. लाखोंचं मशीन, एसी रूम पाहिजे, चालवणारा शिकलेला माणूस पाहिजे, आणि माझ्यासारख्याकडे त्याला दिवसातनं तासभर काम. तरी कस्टमरच्या ऑडिटमध्ये विचारतात म्हणून एकाच गल्लीत दोघं-तिघं लोन काढून तेच मशीन घेतात आणि मग तिघांचीही मशीनं झाकून ठेवलेली असतात! अंबडला केंद्राच्या योजनेतून उभं राहिलेलं नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, तिथे टेस्टिंग आणि कॅलिब्रेशन (मापाची साधनं अचूक आहेत का ते तपासणं) होतं, पण आमच्यातले कितीतरी लोक तिथे फक्त एक्झिबिशन बघायला जातात.

दुसरं म्हणजे मोठ्या कंपन्यांना आता दहा जणांकडून दहा ऑपरेशन करून घ्यायचं नाहीये, पूर्ण फिनिश पार्ट पॅक करून लाइनला द्या म्हणतात. माझ्याकडे टर्निंग आहे, पलीकडे गिअर हॉबिंग (गिअरचे दाते पाडणं) आहे, मागच्या गल्लीत सिलिंड्रिकल ग्राइंडिंग. तिघांनी मिळून कोटेशन दिलं तर आम्ही मध्यम कंपनीच्या तोडीचे आहोत, पण होतं काय तर तिघंही वेगवेगळे जातो आणि परचेसवाला एकाचा रेट दुसऱ्याला दाखवून दोघांनाही खाली आणतो.

इथे कुणी म्हणेल की ड्रॉइंग शेजाऱ्याने बघितलं तर तो कस्टमरच पळवेल. भीती खरी आहे, असं झालेलं आम्ही सगळ्यांनी बघितलंय. म्हणूनच माझं म्हणणं की सुरुवात ड्रॉइंगपासून करूच नका, जिथे कस्टमरचा संबंध नाही तिथनं करा. बार स्टील घ्या, मी टनभर घेतो, शेजारी दोन टन, दोघंही डीलरच्या रेटने. वीस जणांनी मिळून ट्रक मागवला तर भाव वेगळा आणि टेस्ट सर्टिफिकेटही एकच. गेज कॅलिब्रेशन, स्क्रॅपचं टेंडर, आयटीआयच्या पोरांचं ट्रेनिंग, यातही कुणाचं गुपित फुटत नाही. एकत्र आलं म्हणजे स्पर्धा सोडायची असं थोडंच आहे, क्लस्टरवर लिहिणारे अमेरिकन प्राध्यापक मायकल पोर्टरसुद्धा म्हणतात की क्लस्टर जोरात चालतं ते आतल्या चढाओढीमुळेच.

पाकिस्तानातलं उदाहरण देतोय म्हणून कुणी चिडू नये, पण सियालकोटचे सर्जिकल इन्स्ट्रुमेंटवाले आमच्यासारखेच छोटे वर्कशॉपवाले. 1990 च्या दशकात अमेरिकेने क्वालिटीच्या कारणावरून त्यांचा माल अडवला, तेव्हा एकट्या वर्कशॉपला काय करता येणार होतं? असोसिएशनने सरकारला बरोबर घेऊन टेस्टिंग आणि क्वालिटीच्या ट्रेनिंगची सोय केली आणि धंदा परत उभा राहिला. त्याच गावच्या एक्सपोर्टवाल्यांनी पुढे स्वतःच्या पैशाने विमानतळ बांधला, 2007 पासून चालू आहे (आणि आपण ओझरच्या फ्लाइट मोजत बसतो). आपल्या देशातलं पाहिजे तर तिरुपूर आहे. 2011 मध्ये मद्रास हायकोर्टाने तिथल्या डाइंग युनिट बंद करायला लावल्या, एकेकट्याला झिरो डिस्चार्जचा (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारा) प्लांट परवडणारच नव्हता, सामायिक प्लांट होते म्हणून ते पुन्हा चालू होऊ शकले. आपल्या प्लेटिंगवाल्यांनी हे जरूर वाचावं.

लांब कशाला, आपल्या दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत द्राक्षवाले शेतकरी एकत्र येऊन पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज चालवतात आणि युरोपात माल पाठवतात. दिंडोरीच्या शेतकऱ्याला जे जमलं ते इंजिनिअरला जमू नये, याची मला तरी लाज वाटते.

पेमेंटचंही तेच. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यात पेमेंटला जास्तीत जास्त 45 दिवस लिहिलेत, पण एकटा व्हेंडर थकलेल्या पेमेंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी काउन्सिलकडे तक्रार घेऊन गेला की पुढची ऑर्डर गेलीच समजा. हे असोसिएशननेच बोलायचं असतं.

सरकारकडे पैसे नाहीत असंही नाही. छोट्या उद्योगांच्या क्लस्टरसाठी असलेल्या केंद्राच्या एमएसई-सीडीपी योजनेत सामायिक सुविधा केंद्राला 5 ते 10 कोटींच्या प्रोजेक्टला 70 टक्के आणि त्यावर 30 कोटींपर्यंत 60 टक्के अनुदान आहे. पण लोकांचं सगळं लक्ष मशीन आणि बिल्डिंगकडे. फीत कापली की फोटो, मग चालवणार कोण, तिसऱ्या शिफ्टला जॉब घेणार कोण, उधारी वसूल कोण करणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिली दोन-तीन वर्षं एक चांगला पगारी मॅनेजर द्या, जो कुणाचाच भाऊबंद नाही आणि गाळ्या-गाळ्यात फिरून कुणाकडे कुठलं मशीन किती वेळ रिकामं आहे याची यादी करेल. ती यादी झाली तर निम्मी मशीनं नवीन घ्यायलाच लागणार नाहीत.

तोपर्यंत स्टीलच्या ट्रकचं तरी करूया. अंबड-सातपूरच्या कुणाला इंटरेस्ट असेल त्याने ईएन 8 आणि 20 एमएनसीआर 5 या स्टीलच्या ग्रेडमध्ये महिन्याला कुठला साइझ किती लागतो ते लिहून आपल्या असोसिएशनच्या ऑफिसात द्यावं, मी माझं देतोय.

आपला,
एक व्हेंडर, अंबड, नाशिक