एकांत हवाय? मग सोबत घेऊन या!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या फाल्गुनात मी नर्मदाकाठच्या एका धर्मशाळेत एकटीच गेले. बडोद्याहून सकाळची एसटी, हातात एकच पिशवी. पिशवीत माळ, बीपीच्या गोळ्या आणि दोन साड्या. व्यवस्थापक काका भले गृहस्थ. आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग वही उघडली. माझं नाव लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "साथे कोण छे?" कोणी नाही, तीन दिवस मौनात बसायचंय, असं मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "एकला माणसने रूम नथी आपता, बेन. घरनुं कोई लई आवो."

मी चिडले, हे कबूल करते. पण त्यांचंही खरं होतं. एकटा माणूस दाराशी आला की त्यांना आधी समोरचं खोल पाणी आठवतं. "पछी पोलीस अमने पूछे ने!" यावर मी काय बोलणार? शेवटी भाच्याला फोन केला. बिचारा रजा टाकून संध्याकाळी आला आणि आम्हांला खोली मिळाली. दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि पाठीमागे तो मोबाईलवर मॅच बघत होता. आवाज बंद ठेवला होता त्यानं, पण विकेट पडली की खाट करकरायची.

मी वीज मंडळातून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, आणि हे जाऊन चार. घरी मुलगा, सून, दोन नातवंडं. सून गुणाची आहे, हे मुद्दाम लिहिते, कारण साठीच्या पुढची बाई काही दिवस एकटी राहायचं म्हणाली की पहिला प्रश्न "घरी काही झालं का?" हाच येतो. काही झालेलं नाही. सकाळी साडेपाचला कुकरच्या शिट्टीआधी मिळणारी वीस मिनिटं पुरत नाहीत, एवढंच.

शिबिरं पुष्कळ आहेत. विपश्यनेचा दहा दिवसांचा वर्ग मी इगतपुरीला केला. पहाटे चारची घंटा, कोणाशी बोलायचं नाही, पैशांची सक्ती नाही, सगळं उत्तम. पण तिथेही शेजारी कोणाचा तरी गुडघा असतोच. नर्मदाकाठी गरुडेश्वरला दत्तभक्त संत टेंबेस्वामींची १९१४ सालची समाधी आहे, आम्हां बडोदेकर मराठी माणसांचं ते माहेर. मात्र २०१८ मध्ये जवळच सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिल्यापासून सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. टेंबेस्वामींचे शिष्य रंग अवधूत महाराज १९२५ च्या सुमारास नर्मदाकाठच्याच नारेश्वरला राहायला गेले तेव्हा तिथे रान होतं. आज आपण जातो ते उत्सवाला, म्हणजे गर्दीतच.

खऱ्या अर्थानं एकटं बसवण्याची सोय मी एकाच ठिकाणी पाहिली, नडियादच्या हरि ॐ आश्रमात. तो स्थापणारे संत पूज्य श्री मोटा मूळचे आपल्या बडोद्याजवळच्या सावली गावचे. त्यांनी मौनमंदिर म्हणून ज्या खोल्या काढल्या त्यांत साधक एकटा राहतो. दार बाहेरून बंद, न्हाणीघर आतच, जेवण भिंतीतल्या खिडकीतून. कोणी सात दिवस बसतं, कोणी चौदा, कोणी एकवीस. मी सात दिवस बसले. वाढणारा दिसत नाही, नुसता ताट टेकल्याचा आवाज येतो. तिसऱ्या दिवशी माझं नामस्मरण सुटलं आणि जुने ग्राहक क्रमांक डोक्यात धावू लागले. ज्यांची बिलं थकली होती, नेमके त्यांचेच! पाचव्या दिवशी दुपारी केव्हातरी तेही थांबले. पुढचं पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तिथे मला कोणी "सोबत कोण?" असं विचारलं नाही. दिवसातून दोनदा खिडकी उघडते, म्हणजे आतलं माणूस ठीक आहे की नाही हे आपोआप कळतं. धर्मशाळेच्या काकांच्या काळजीला यापेक्षा चांगलं उत्तर कोणतं?

पण दर वेळी सात दिवस काढून नडियादला जाणं जमत नाही. दोन-तीन दिवसांपुरती जागा गावातच हवी. गावात एकांत कसला, असं कोणी म्हणेल. सुरतेचं काँग्रेस अधिवेशन मोडलं आणि जानेवारी १९०८ मध्ये अरविंद घोष बडोद्यात आले, तेव्हा त्यांना भेटायला माणसांची रीघ होती. विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यानं त्यांना त्या गर्दीतून काढलं आणि सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीन दिवस आपल्याजवळ बसवलं. मन पूर्ण शांत होणं म्हणजे काय, हे तिथे कळल्याचं अरविंदांनी पुढे स्वतः सांगितलंय. त्यासाठी त्यांना हिमालयात जावं लागलं नाही. एक वरची खोली आणि लोकांना दारातूनच परत पाठवणारं कोणीतरी, एवढ्यावर भागलं.

आपल्या मराठी संस्थांकडे शहरात सभागृहं आहेत, भक्तनिवास आहेत. लग्नाचे मुहूर्त संपले की त्यांतल्या खोल्यांना कुलूप असतं. त्यांतली एखादी, शक्यतो मागच्या बाजूची, वाद्यं ठेवतात तिथून लांबची, एकट्यासाठी राखून ठेवावी. आधार कार्ड घ्या, घरच्यांचा फोन नंबर घ्या, माझ्या वयाच्या माणसाकडून डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, भाडंही घ्या. फक्त सोबत मागू नका.

भिंतीत खिडकी पाडून तिला दोन्ही बाजूंनी झडप बसवायचा खर्च मी देईन. सुतार ओळखीचा आहे. मात्र संस्थेनं नवरात्राआधी कळवावं. एकदा दिवाळीची कामं लागली की तो फोन उचलत नाही.

आपली,
एक निवृत्त वाचक, दांडिया बाजार, बडोदे