जागा खाली है : शालेय शिक्षणमंत्र्यांना एका पालकाचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दहावीच्या वर्गाला हिंदी शिकवायला माणूस मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला कापूस-मका पिकवणारा शेतकरी. मुलगी यंदा दहावीला आहे. आपण कामात असता, म्हणून एका पानात आटपायचं ठरवलं होतं. ते काही जमेलसं दिसत नाही.

परवा शाळेत पालकसभा झाली आणि पूर्वपरीक्षेचे पेपर दाखवले. हिंदीत 80 पैकी 17. परीक्षा फेब्रुवारीत, आता महिन्यात काय करायचं, असं मी विचारलं. तर मला फार मायेने समजावण्यात आलं. दादा, तुम्ही कशाला घाबरता? तोंडीचे 20 आपल्या हातात आहेत, त्यातले 18 देऊन टाकू. लेखीत सात पडले तरी 25 झाले. भाषांचे तिन्ही मिळून 105 लागतात, बाकीचं ती मराठीत भरून काढेल. वर चहा पाजला.

हिशोब बरोबर आहे, मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिला. पण साहेब, व्यापाऱ्याने माझ्या कापसाच्या गाठोड्यात हात घालून नाक मुरडलं तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं. पोरीला न शिकवता पास करायची सगळी तयारी झालेली आहे. शिकवायचं काय, हा प्रश्न सभेत मी एकट्याने विचारला आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसा मी लग्नात उधारी मागतोय.

आता मुळापासून सांगतो. आमच्या शाळेतले हिंदीचे सर दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी एक मोठे साहेब आले होते. मुलांना गुलाबाची फुलं दिली, फोटो झाले, आणि माईकवरून सांगून गेले की पंधरा दिवसांत हिंदीचा शिक्षक येईल. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर या एका कामासाठी मी चार चकरा मारल्या. निंदणी सोडून, एसटीने, दर वेळी दिवस मोडून. पहिल्यांदा साहेब मीटिंगला होते, दुसऱ्यांदा दौऱ्यावर. तिसऱ्यांदा भेटले, पण टेबल चुकीचं निघालं. चौथ्यांदा एका क्लार्कने खरं ते सांगितलं, त्याचे उपकार मानतो. म्हणाला, काका, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पदच बसत नाही, तुम्ही उगीच भाडं घालवता.

म्हणजे पट कमी म्हणून पद नाही. पद नाही म्हणून शिक्षक नाही. शिक्षक नाही म्हणून ज्याची ऐपत आहे तो पोराला तालुक्याला घालतो, आणि मग पट आणखी कमी. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले तेव्हापासून आमच्याकडे शाळेत शिकवण्याआधी पोरांची मुंडकीच मोजतात.

नोव्हेंबरपर्यंत पीटीचे सर हिंदीच्या तासाला येत होते. माणूस भला. पण ते सांगायचे, धडा वाचा, अवघड शब्दाखाली रेघ मारा. रेघा मारून पुस्तक भरलं. डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक लागली, तेव्हा तेही त्या कामाला गेले. मी मुलीच्या वहीतल्या तारखा मोजल्या. जूनपासून आजपर्यंत हिंदीचे 23 तास. आठवड्याला चार-पाच तासिका धरा, सुट्ट्या वजा करा, शंभराच्या वर व्हायला हव्या होत्या. मी काही ऑडिटर नाही, पण 23 आणि 100 यातला फरक मक्याची कणसं मोजणाऱ्यालाही कळतो.

त्याच वहीतलं एक पान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ‘काल परिवर्तन’, म्हणजे वाक्याचा काळ बदलायचा. मूळ वाक्य होतं, ‘गुरुजी कक्षा में पढ़ाते हैं।’ खाली तिने गाईडमधून उतरवलेलं :

पूर्ण भूतकाल : गुरुजी ने कक्षा में पढ़ाया था।
सामान्य भविष्यकाल : गुरुजी कक्षा में पढ़ाएँगे।

अपूर्ण वर्तमानकाळाची ओळ कोरी. तिला विचारलं, हे का सोडलं? म्हणाली, पप्पा, गाईडचं पान तिथे फाटलेलं होतं. मी हसलो आणि मग बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.

14 सप्टेंबरला मात्र हिंदी दिवस थाटात साजरा झाला, कारण फोटो पाठवायचे होते. बॅनर लागलं. माझ्या मुलीला भाषण दिलं, ते तिने मोबाईलवरून उतरवून पाठ केलं. पाहुण्यांनी सवयीप्रमाणे साने गुरुजींना मध्ये आणलं. गुरुजी अमळनेरला मास्तर होते, भारतातल्या भाषा एकमेकींना जोडणाऱ्या आंतरभारतीचं स्वप्न त्यांनी पाहिलं, आपण त्यांचे वारसदार वगैरे. अमळनेर आमच्या शेजारचा तालुका आहे साहेब, आम्हाला गुरुजी सांगू नका. ते वर्गात जाऊन शिकवायचे, एवढीच त्यांची आठवण आम्हाला पुरेशी आहे.

आपल्या खात्यातल्या बऱ्याच जणांचा समज आहे की हिंदी काय, ती येऊनच जाते. टीव्ही आहे, रील आहेत, शिकवायचं काय त्यात? तर ऐका. दहावीचा पेपर रीलचा नसतो. 14 गुणांचं भाषा अध्ययन, 7 गुणांचा निबंध, मुहावरे, वर्तनी. आमच्या घरात बोलतात अहिराणी. पोरगी पहिलीत गेली तेव्हा पुस्तकातली मराठीच तिला शिकावी लागली. म्हणजे तुमच्या कागदावर हिंदी द्वितीय भाषा, आमच्या ओट्यावर तिसरी, आणि इंग्रजी चौथी. तिकडे धडगाव-अक्कलकुव्यात घरी पावरी नाही तर भिली बोलणाऱ्या पोराचा हिशोब तुम्हीच करा. 2011 च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे, त्यात आमची अहिराणीही आली, साडेअठरा लाखांच्या वर भरले, आणि हे ज्यांनी मातृभाषा तशी लिहवली तेवढेच. माझ्या बापाने घाबरून मराठी लिहवली होती.

गंमत म्हणजे हीच अहिराणी हिंदी शिकवायला कामाला आली असती. मराठीत ‘मी जात आहे’. अहिराणीत ‘मी जाई राहिनू’. हिंदीत ‘मैं जा रहा हूँ’. बघा कोण कोणाच्या जवळ बसलंय! शिकवणारा असता तर त्याने दहा मिनिटांत फळ्यावर हा पूल बांधून दिला असता. तो नाही, म्हणून माझ्या मुलीने पेपरात लिहिलं, ‘मैं बाज़ार जाई रही हूँ’. त्यावर लाल गोल. ‘मेरा पुस्तक’, लाल गोल. पुस्तक आमच्याकडे ‘ते’ आणि हिंदीत ‘ती’, हे रेघा मारून कसं कळणार? आत्मासुद्धा हिंदीत बाई होतो.

मी हिंदीविरोधी आहे असं कृपा करून समजू नका. हिंदीने मला सहा वर्षं जेवू घातलंय. शेतात काही राहिलं नाही तेव्हा अमळनेरहून गाडी धरून सुरत गाठली, निम्मा खानदेश तिकडेच तर आहे. उधन्याला लूमवर लागलो. पहिल्याच दिवशी मुकादम ओरडला, ‘मशीन खाली कर!’ मी गुडघ्यावर बसून मशीनच्या खाली बघायला लागलो. सगळा शेड हसला. पुढे सहा वर्षं मला तिथे ‘नीचेवाला’ म्हणत. दहावीला हिंदी घेऊन पास झालेला माणूस होतो मी साहेब, 52 गुण होते! खाली म्हणजे रिकामं, हे शिकायला मला सुरतेला जावं लागलं. बोलायला शिकलो, लिहायला नाही. एका दिवाळीला पगार अडकला तेव्हा अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याला पैसे दिले, आणि त्याने काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. पैसे मिळाले नाहीत, एवढं माहीत आहे. नंतर बाप गेला, आई अंथरुणाला लागली, परत आलो. गुडघा तिथूनच गेलेला आहे. हे तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे. पण पोरीला ‘नीचेवाली’ म्हणून कोणी हसू नये, एवढ्यासाठी तिला शाळेत घातलं.

आता मुंबईकडे येतो. गेल्या वर्षी 16 एप्रिलला तुमच्या सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. आरडाओरड झाली, तर 17 जूनला नवा शासन निर्णय : सक्ती नाही, पण ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, आणि दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात 20 मुलं जमवा. मग 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द, समिती नेमली, 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा विजयी मेळावा. अडीच-तीन महिने टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. हिंदी पाहिजे म्हणणारे ओरडले, नको म्हणणारे ओरडले. एकानेही विचारलं नाही की पाचवीपासून जी हिंदी वर्षानुवर्षं चालू आहे, ती शिकवतंय कोण? पहिलीच्या लेकरांवर हिंदी घालायला निघालात, दहावीच्या लेकरांना देणं बाकी आहे ते आधी फेडा. तुमच्या भांडणात हिंदी जिंकली की मराठी ते मला ठाऊक नाही. आमच्या वर्गात दोघी उपाशी आहेत.

आणि त्या फुकटच्या गुणांचं एकदा बोलूच. 2019 ला भाषांच्या तोंडीचे 20 गुण काढले, तर दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आपटला. लगेच पुढच्या वर्षी गुण परत, निकाल 95.30. कोरोनाने भूगोलाचा पेपर बुडाला होता, तेही धरा, पण एका वर्षात पोरं एवढी हुशार झाली का हो? निकालाच्या दिवशी तुम्ही टक्केवारी वाचून दाखवता, त्यात माझ्या मुलीचे 18 असणार आहेत. तोंडी परीक्षेला तिला कोणी तोंड उघडायलाही सांगणार नाही. माझा हमीभावही असाच आहे, कागदावर 8110 आणि माझ्या हातात साडेसहा हजार. फरक एवढाच की कापसाला कागदावरचा भाव मिळत नाही, आणि पोरीला मिळतोय तो सगळा कागदावरच.

शिक्षणसेवकाला तुम्ही महिन्याला 20 हजारांच्या आत राबवता. आमच्या गावात हिंदीत एमए, बीएड झालेला मुलगा मोबाईल रिचार्जची टपरी चालवतो. शाळेपासून तीनशे पावलं. हिंदीचा तास सुरू झाल्याची घंटा त्याला टपरीत ऐकू येते. तासिका तत्त्वावर घ्या म्हटलं, तर मान्यता वरून लागते. ‘वर’ म्हणजे कुठे, हे चार चकरांत मला कळलं नाही.

मागणं एवढंच. परीक्षेपर्यंत, उरलेल्या दिवसांसाठी का होईना, त्या मुलाला वर्गात उभं राहायची परवानगी द्या. पैसे नसतील तर आम्ही पालक वर्गणी काढू, गणपतीला काढतोच. आणि जूनमध्ये पुन्हा फुलं घेऊन कोणाला पाठवू नका.

आणखी एक. हिंदीच्या पेपरात पत्रलेखनाला 5 गुण असतात. मुलीने सरावासाठी आपल्यालाच उद्देशून एक पत्र लिहिलंय, ते सोबत जोडतो. तपासायला इथे कोणी नाही. त्यात तिने शेवटी लिहिलंय, ‘महोदय, आपसे विनंती है कि हमें हिंदी के अध्यापक दीजिए।’ टपरीवाला पोरगा म्हणतो की हिंदीत ‘विनती’ असतं, टिंब नको. मुलगी म्हणते गाईडमध्ये बघून सांगते, पण ते पान तिला सापडत नाहीये. आपल्याकडे कोणी जाणकार असेल तर लाल शाईने तपासून 5 पैकी गुण टाकून परत पाठवावं. पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे.

आपला,
एक पालक
पारोळा तालुका, जि. जळगाव
जानेवारी 2026