अर्थसमितीवर जाण्याआधी

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) अर्थसमितीसाठी तुझं नाव सुचवलंय, हे वाचून आनंद झाला. त्याखालचा तुझा प्रश्नही वाचला: शेवटचा शब्द फादरांचाच, मग आम्ही काय नुसत्या माना डोलवायच्या? तेवढ्यासाठी जायचं असेल, तर खरंच जाऊ नकोस.

पण ही समिती कुणाच्या मर्जीवर नेमली जात नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, म्हणजे 1983 च्या धर्मसंहितेचं, 537 वं कलम सांगतं, की ती प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी. पालकीय मंडळाचं, म्हणजे धर्मग्रामाच्या धार्मिक कामांत फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळाचं, तसं नाही. ते असावं की नाही हे बिशप ठरवतात आणि मंडळाचं मत सल्ल्यापुरतंच असतं. (त्यात मंडळाच्या निम्म्या बैठका सणाच्या तयारीत जातात, हे आपल्यातच राहू दे.)

कारभार फादरांच्या हाती असतो हे खरं, पण तोही नियमांत बांधलेला आहे. छताच्या दुरुस्तीसाठी कुणी देणगी दिली, तर ती छतालाच लागली पाहिजे. रंगकाम अडलं म्हणून तिकडे वळवता येत नाही. अशी वळवावळव बहुतेकदा लबाडीने होत नाही, घाईत होते, आणि म्हणूनच ती कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा पहिल्याच बैठकीत विचार: राखीव देणग्यांची नोंद वेगळी ठेवतात का? बँकेत सह्या कुणाच्या चालतात? लोकांनी दिलेल्या पैशांचा हिशेब लोकांपुढे मांडला जातो का? तो मांडायचा असतो, 1287 व्या कलमात तसं आहे.

फादरांपुढे बोलायचं नाही, यालाच आमच्या पिढीत भक्ती म्हणत. पण जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्येच सांगितलं होतं, की ज्याला ज्या विषयाची जाण आहे, त्या प्रापंचिकाने, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या श्रद्धावंताने, त्यात मत मांडावं. कधी कधी ते त्याचं कर्तव्यच असतं. तुझं तर शिक्षणच हिशेबाचं.

मात्र भांडायच्या तयारीने जाऊ नकोस. फादरांच्या डोक्यावर आजारी माणसं, अंत्यविधी, लग्नं, सगळंच असतं. वह्या नीट ठेवणारं कुणी मिळालं तर त्यांनाही हवंच असेल. तुझं म्हणणं नाही पटलं, तरी ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांग. फादरांची बदली होते, इतिवृत्त तिथंच राहतं.

बैठकीआधी गेल्या वर्षाचा ताळेबंद मागून घे. काय म्हणतात ते कळव.

तुझी आई