गुडघा आईचा, सही कुणाची?

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं दादानं कळवलं. खर्च किती, विम्यातून किती मिळणार, दवाखान्यात रात्री कोण थांबणार, सगळं त्यानं नीट लिहिलं होतं. आईचं म्हणणं काय, तेवढं त्यात नव्हतं. फोन केला तर आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? ह्यांना विचार." संमतीच्या कागदावर सही दादाची आहे, हेही तेव्हाच समजलं. आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना कागद दादापुढे सरकवला गेला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

बाबा, "कोर्ट घरात आणू नको" असं तुम्ही म्हणणार. तरी आणते. 2008 साली सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या एका खटल्यात निकाल दिला. 44 वर्षांची अविवाहित बाई, फक्त दुर्बिणीच्या तपासणीला तयार झालेली. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. हेतू वाईट नव्हता. तिच्या भल्यासाठीच केलं, हे कोर्टानंही मानलं. पण जिवावर बेतलेलं नव्हतं, बाई सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणून आईची सही कोर्टानं धरली नाही. डॉक्टरांची फी गेली, वर 25,000 रुपये भरपाई द्यावी लागली. भुलीत असलेल्या लेकीसाठी जन्मदात्या आईची सही चालत नाही, तर टक्क जागी असलेल्या आईसाठी लेकाची कशी चालेल?

त्याच निकालात असंही आहे, की लाखात एखाद्याला होणारे धोके सांगून रोग्याला घाबरवून सोडायचं कारण नाही. हे मला पटतं. आईला सगळं वैद्यकशास्त्र शिकवा असं मी म्हणत नाही.

डॉक्टर हुशार असतील. गुडघा किती झिजलाय ते एक्सरेत दिसतं, पण तो गुडघा आईला कशासाठी हवाय ते एक्सरेत कसं दिसणार? सांधा बदलल्यावर मांडी घालून किंवा उकिडवं बसू नका, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. डॉक्टरांच्या लेखी ही किरकोळ गोष्ट. आणि आईचं भजनी मंडळ? हरिपाठाला सगळ्या बायका सतरंजीवर मांडी घालून बसतात. खुर्चीवर बसून टाळ वाजवणाऱ्याही दोघी-तिघी आहेत, आणि आई त्यांच्याबद्दल काय बोलते ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आता तीच खुर्ची तिला चालणार आहे का? कदाचित चालेलही. अंबाबाईच्या दर्शनाला न कण्हता जाता येणं तिला जास्त मोलाचं वाटेल. नाहीतर म्हणेल, अजून दोन वर्षं व्यायाम आणि गोळ्यांवर काढते, मग बघू. यातलं काहीही तिनं ठरवलं तरी मी तिच्या बाजूनं. पण मांडीचा विषय तिच्यापुढे कुणी काढलाच नाही.

"तुम्हीच ठरवा" हे आईचं उत्तर मी धुडकावून लावत नाहीये. निर्णय विश्वासाच्या माणसावर सोपवणं हाही निर्णयच असतो. माझ्या ऑफिसातली तरुण मंडळी स्वातंत्र्य म्हटलं की एकट्यानं ठरवणं एवढंच धरतात. मला ते अपुरं वाटतं, आपल्या घरात तसं कुणी जगलेलं नाही. पण सगळं ऐकून, समजून सोपवणं वेगळं आणि आयुष्यभर कुणी विचारलंच नाही म्हणून सोपवणं वेगळं. आई, तुझ्या बाबतीत यातलं कुठलं खरं, ते मला खरंच माहीत नाही. विचारल्याशिवाय कळायचं कसं?

बाबा, मागे बोलताना तुम्ही शाहू महाराजांचा दाखला दिला होता. 1917 साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. लोकांना आपलं हित कळत नव्हतं म्हणूनच ना, असं तुमचं म्हणणं. तुम्ही जन्मभर मास्तरकी केली, तेव्हा हा दाखला तुमच्या तोंडी शोभतो. पण दंड कुणाला होता बघा. बापाला होता, तोही पोराच्या वतीनं. पोराला स्वतःचं ठरवता येत नाही आणि बापाच्या हट्टापायी त्याचं आयुष्य जातं, म्हणून महाराज मध्ये पडले. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्ववेत्ता तर या बाबतीत कट्टर. 1859 साली त्यानं लिहिलं, की माणसाचं स्वतःचं भलं एवढ्या कारणावरून त्याच्यावर सक्ती करता येत नाही, दुसऱ्याला इजा होत असेल तरच करता येते. मुलांना त्यानंही यातून वगळलं होतं.

आणखीही कुणाला तरी वगळलं होतं. तो ईस्ट इंडिया कंपनीत 35 वर्षं नोकरीला होता, आणि 'मागासलेल्या' समाजांना हे स्वातंत्र्य लागू नाही असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे त्याच्या हिशेबी आपण सगळेच अजाण. दुसऱ्याला लहान मूल ठरवलं की त्याचा कारभार हातात घेणं किती सोपं जातं, बघा. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, ही म्हण आपल्याकडे फार कौतुकानं म्हणतात. मला ती आवडत नाही. कायदाही ती मानत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय, की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरता येणार नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला हा मान आहे. आईला तर फक्त गुडघेदुखी आहे.

आता बाबा, तुमची पाळी. दादा तुमच्या स्कूटरची किल्ली लपवतो, ते मला पसंत नाही. सकाळी गंगावेशीत दूध आणि मग रंकाळ्याला एक चक्कर, यावर तुमचा दिवस उभा आहे. पण "डोकं माझं, हाडं माझी" हे इथे पुरत नाही. हेल्मेटवर मी वाद घालत नाही, घाला म्हणजे झालं. डोळ्यांचं मात्र तसं नाही. मोतीबिंदू वाढलाय, आणि रस्त्यावर दुसऱ्यांची पोरंही असतात. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. कायदा किल्ली लपवत नाही, आधी तपासायला सांगतो. डोळे तपासून घ्या. डॉक्टर हो म्हणाले तर दादाकडून किल्ली मी मागून देते. नाही म्हणाले तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं की रिक्षा लावायची, ते तुम्ही ठरवा.

शेवटचं काम जरा अवघड आहे, पण टाळू नका. बरं होण्याची आशा उरली नाही आणि बोलताही येत नसेल, तर नळ्या, व्हेंटिलेटर हवेत की नकोत, हे आधी लिहून ठेवायची सोय सुप्रीम कोर्टानं 2018 च्या निकालात दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागे. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीनं बोलणाऱ्यांची नावंही त्यात घालता येतात. दादाचं घाला, माझं घाला, नाहीतर दोघांना वगळून मावशीचं घाला, मी रुसणार नाही. मसुदा मी मराठीत करून पाठवते.

बाबा, दोन वेगळे कागद पाठवीन. आईचा तुम्ही भरायचा नाही.

आई, ऑपरेशनआधी डॉक्टरांची वेळ मी पुन्हा घेतली आहे, त्या दिवशी कोल्हापुरात येते. आत तू आधी जा. मांडीचं विचार, किती दिवसांनी जिना चढता येईल ते विचार, आत्ता केलं नाही तर काय होईल तेही विचार. बाबा आणि दादा बाहेर बसतील, मीही त्यांच्याबरोबर बाहेरच बसेन. तू हाक मारलीस तर आत येऊ. जुना कागद रद्द करून नवा द्यायला मी दवाखान्यात सांगितलं आहे. तोवर "तुझं काय ते बघ" असं कुणी म्हणालं तर रागावू नकोस, खरंच बघ.

तुमची,
धाकटी