चिनू मशीन घेऊनच येणार आहे

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर आईचा आवाज भरून आला आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते आहे. चिनू दिवाळीला नेहमीसारखा वाईलाच येणार आहे. फक्त झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं त्याचं सीपॅप मशीन सोबत असेल आणि ते तिथेही रोज रात्री लागेल. "चार दिवस नाही लावलं तर काय होतंय" हे आई मायेनं म्हणते, कळतं मला. पण डॉक्टरांशी सगळं बोलून आम्ही ठरवलंय, आणि ते आता बदलायचं नाही.

आधी अण्णांची आठवण मनातून काढून टाका. हे व्हेंटिलेटर नाही आणि ऑक्सिजनही नाही. खोलीतलीच हवा गाळून, ठरलेल्या दाबानं नाकातून आत जाते. चिनूसारख्या डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे स्नायू मुळातच सैल असतात, चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, आणि झोपेत जीभ मागे सरकून घशाची वाट बंद होते. हवेच्या दाबानं ती उघडी राहते, एवढंच. श्वास त्याचा तोच घेतो.

टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) काढल्यावर हे संपेल, असं तुम्हाला वाटलं होतं. फरक खूप पडला. तासाला बावीस वेळा श्वास अडायचा, तो नऊवर आला. पण मोठ्या माणसांत पाचपर्यंत चालतं तसं मुलांत चालत नाही. मुलांत तासाला एकाच्या वर गेलं की दोष धरतात. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं आपल्याकडे म्हणतात ना, ते खरं नाही गं आई. श्वास अडला की ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, झोप तुटते, दिवसा मूल चिडचिडं होतं आणि शिकलेलं टिकत नाही. शिवाय फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. त्याच्या हृदयासाठी आपण सगळ्यांनी काय काय केलंय ते तुम्हाला सांगायला नको. सवय लागेल म्हणाल, तर तसंही नाही. मशीन काढलं तर पहिल्यासारखा अडतो, पहिल्यापेक्षा जास्त नाही.

बाबा, तुमच्या पेसमेकरचा विचार आधीच केलाय. काही मास्कच्या क्लिपांत चुंबक असतं आणि ते पेसमेकरपासून निदान सहा इंच लांब ठेवावं लागतं. म्हणून साध्या क्लिपांचाच मास्क घेतला. चिनू तुमच्या कुशीत शिरून झोपणार हे मला माहीत आहे. खुशाल झोपू दे.

आता नीट वाचा. मशीन पलंगापेक्षा खाली, पाटावर ठेवायचं. वाईच्या थंडीत नळीत वाफेचं पाणी होतं आणि खळखळ वाजतं. मशीन खाली असलं की ते पाणी मास्ककडे न येता मागे जातं. नळीवरून पांघरूण घेतलं की आणखी कमी होतं. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या टाकीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही रेघेपर्यंतच. नळाच्या पाण्यानं क्षार बसतात. सकाळी उरलेलं ओतून टाकायचं, आणि टाकी भरलेली असताना मशीन उचलायचं नाही, पाणी मोटरमध्ये जातं.

मास्क तो आडवा झाल्यावरच बसवायचा. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. डोळ्यांकडे हवा सुटायला लागली की आपला हात आपोआप पट्टा ओढायला जातो, पण ओढल्यानं सिलिकॉन दुमडतं आणि गळती वाढते. मशीन चालू असताना मास्क चेहऱ्यापासून जरा उचला, कडा हवेनं फुगू दे, मग हळूच टेकवा. पुढच्या बारीक छिद्रांतून हवा येतच राहते. ती गळती नाही, उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. त्यावर रुमाल किंवा चिकटपट्टी लावायची नाही. सकाळी नाकावर लाल वण दिसेल, तो थोड्या वेळात जातो. दुपारपर्यंत राहिला किंवा कातडी सोलवटली तर लगेच मला फोन.

आई, त्याच्या डोक्याला तेल चोळणं बंद करायचं नाही, ते तुमच्या दोघांचं आहे. फक्त सकाळी आंघोळीआधी चोळ. रात्री चोळलं तर पट्टे घसरतात. तोंडाला रात्री साय किंवा व्हॅसलीनही नको, मास्क चेहऱ्यावर धरत नाही आणि सिलिकॉन खराब होतं. मास्क रोज कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. डेटॉल, स्पिरिट काही नको. मशीन खोलीतलीच हवा ओढतं, तेव्हा त्या खोलीत उदबत्ती आणि मच्छरची कॉइल लावू नका. मच्छरदाणी बांधा, लहानपणी मला बांधायचात तशी, कडा गादीखाली खोचून.

वीज गेली तर आधी मास्क काढा. मशीन बंद पडलं की आत त्याचाच उच्छ्वास साचतो. मग कुशीवर झोपवा आणि इन्व्हर्टरवर मशीन परत लावा, पण ह्युमिडिफायर बंद करून, कारण बॅटरी तोच खातो. उलटी झाली तरी आधी मास्कच काढा. रात्री उशिरा चकल्या देऊ नका. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालून मग लावा. दुपारी झोपला तरी लावायचं.

तो रडला तर जवळ घ्या, गोष्ट सांगा, पण मास्क काढून टाकू नका. आणि "झोपला नाहीस तर मशीन लावीन" असं चुकूनही म्हणू नका. तो मास्क आता स्वतःच्या हातानं नाकापाशी नेतो. ते टिकलं पाहिजे.

पहिल्या दोन रात्री मी तिथेच आहे, सगळं तुमच्या हातून करून घेईन. जमेल तुम्हाला. माझ्या तापात रात्रभर घड्या बदलणारी तूच ना?

आणि बाबा, तुमचं घोरणं मागच्या खोलीपर्यंत ऐकू येतं, बीपीच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, दुपारी पेपर वाचता वाचता मान पडते. दिवाळीनंतर तुमची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करायची आहे. एक रात्र, तारा चिकटवतात, सुई नाही. नाही म्हणू नका, तारीख मी घेते.

डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मीच आणते. आई, गुडघा दुखत असताना मेडिकलपर्यंत चालत जायचं नाही.

तुमची,
मीनू