चि. मनूस, निघण्याआधी

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी पहाटे तू निघशील तेव्हा मी ड्यूटीवर असेन, म्हणून हे लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवते आहे. परवा जेवताना मी समुद्रावरच्या कड्यांचा विषय काढला आणि तू ताटावरून उठलास. आज तो विषय काढायचाच नाही असं ठरवून बसले आहे. फक्त रस्त्याचं लिहिते.

आधी गाडीचं. इन्शुरन्सवर बाबा, मी आणि तू अशी तीनच नावं आहेत. मित्रांपैकी कुणी कितीही चांगला चालवत असला तरी त्याला स्टिअरिंग द्यायचं नाही. पॉलिसीत नाव नसताना चालवणं म्हणजे विम्याशिवाय चालवणं, आणि तो गुन्हा आहे. म्हणजे आठही दिवस चालवणारा तू एकटाच. म्हणूनच तुझा नकाशा पाहून मी गप्प झाले होते. किन्सेल ते मालिन हेड, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारा सगळा वाइल्ड अटलांटिक वे, म्हणजे २,५०० किलोमीटर. आठ दिवसांत करायचा तर रोज तीनशेच्या वर. मोटरवेवर ते तीन तासांचं काम आहे, पण या रस्त्यांवर त्याला सात-आठ तास लागतात, आणि मग बघायचं कधी? उत्तर टोकाचं डोनेगल पुढच्या वर्षी करा. डिंगलला दोन रात्री, बरेन आणि आरन बेटांना दोन, कोनेमाराला दोन, उरलेले दिवस पावसासाठी मोकळे. रिंग ऑफ केरीचा गोल रस्ता मी तर वगळलाच असता. १७९ किलोमीटर बसगाड्यांच्या मागे जाण्यात काय आहे? डिंगलहून वर येताना लिमरिकचा फेरा घालू नका. टार्बर्टहून किलिमरला गाडीसकट फेरी जाते, वीस मिनिटांत शॅनन नदीच्या पलीकडे.

दक्षिणेकडून उत्तरेला जाताय ते बरं केलंत. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं, समुद्रही डाव्या हाताला, त्यामुळे थांब्यावर वळताना समोरची लेन ओलांडावी लागत नाही. पाट्यांवर लाटेच्या खुणेखाली 'एन', म्हणजे नॉर्थ, दिसला म्हणजे दिशा बरोबर आहे. गावाबाहेरच्या छोट्या रस्त्यांची मर्यादा फेब्रुवारी २०२५ पासून ८० ऐवजी ६० झाली आहे, आणि जिथे रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय तिथे ६० सुद्धा फार आहेत. झुडपांच्या भिंतीमुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. ट्रॅक्टर पुढे आला तर ज्याला रुंद जागा जवळ, त्याने मागे जायचं. घाईने डावीकडे दाबू नकोस. गवतात लपलेला दगड टायरला बाजूने चिरतो, आणि बाजूने चिरलेला टायर किटमधल्या फोमने भरत नाही. आपल्या गाडीत स्टेपनी नाही, हे बाबांनी तुला सांगितलंय का? कोनेमाराचे रस्ते पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या, दलदलीवर बांधलेले आहेत, जमीन खचते तसे रस्ते लाटांसारखे वरखाली होतात. वेगात गेलास तर गाडीचं पोट घासेल. संध्याकाळी मेंढ्या डांबरावर येऊन बसतात, हॉर्नने उठत नाहीत. आणि तुझी नवशिक्या चालकाची 'एन'ची पाटी अजून आहे, म्हणजे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा तुला ५० नव्हे, २० मिलिग्रॅम. एका ग्लासातही ती ओलांडू शकते. ज्या संध्याकाळी पबमध्ये जायचं असेल त्या संध्याकाळी गाडी मुक्कामालाच राहू दे.

डिंगलजवळचा स्ली हेडचा रस्ता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच घ्या, बसगाड्या तशाच जातात आणि उलटं गेलात तर प्रत्येक वळणावर एक समोर उभी. वाटेत एका ठिकाणी ओढा सरळ रस्त्यावरून वाहतो, तिथे पहिल्या गिअरमध्ये जा. डून खीनच्या धक्क्याकडे उतरणारी नागमोडी वाट फोटोत सगळे पाहतात आणि गाडी खाली घालतात. ती वाट गाड्यांसाठी नाही, खाली वळवायला जागा नाही. वर लावा, चालत उतरा. तिथून ब्लास्केट बेटं दिसतात. १९५३ मध्ये शेवटचे रहिवासी तिथून मुख्य भूमीवर आणले गेले. मधली खाडी बघितलीस की का, ते कळेल. अंतर एवढंसंच आहे, पण हवा बिघडली की दिवस दिवस बोट लागत नसे.

आणि समुद्रावर आलेच मी. नाही म्हटलं तरी.

मनू, मोहरचा कडा २१४ मीटर उंच आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तो कशाचा आहे हे फारसं कुणी बघत नाही. वाळूखडकाचे आणि शेलचे, म्हणजे चिखलाच्या मऊ खडकाचे, थर एकावर एक आहेत. खालचा शेल पाण्या-वाऱ्याने झिजतो, वरचा थर पुढे तरंगत राहतो, आणि त्यावर गवत. वरून पाहणाऱ्याला गवत जिथे संपतं तिथे जमीन संपते असं वाटतं, पण शेवटचा फूट-दोन फूट नुसती मातीच असू शकते, खाली काहीही नाही. पावसानंतर ती जड होते आणि जाते. म्हणून कडेपासून पाच मीटर, समुद्राकडे पाठ करून फोटो नाही, आणि कुंपणापलीकडची पायवाट कितीही मळलेली दिसली तरी ती वाट नाही. डूलिनहून कड्यावरची वाट चालणार असाल तर ती उघडी आहे का ते त्या सकाळी बघा. पडझडीमुळे तिचे भाग बंद असतात. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल त्या दिवशी तर जाऊच नका.

आरन बेटांपैकी इनिश मोरवर डून एंगसच्या जुन्या किल्ल्याला कड्यावर कठडा नाही. जवळपास शंभर मीटर खाली पाणी. तू सहावीत होतास तेव्हा पोटावर पडून खाली डोकावला होतास, आणि मी तुझा घोटा धरला होता. निळ्या बुटाची लेस सुटलेली होती, एक टोक ओलं. तू ओरडून सांगत होतास की खाली पक्षी उडताहेत आणि त्यांच्या पाठी दिसताहेत. आमच्यापैकी कुणीच पक्ष्यांची पाठ वरून पाहिलेली नव्हती. परतीच्या बोटीवर तू त्या म्हाताऱ्या खलाशाशी आयरिशमध्ये बोललास, शाळेतलं, अडखळत, आणि तो तुझ्याशी किनाऱ्यापर्यंत बोलत राहिला. बाबांनी ती गोष्ट हर्णैला किती वेळा सांगितली असेल. गेलटाख्टमध्ये, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात, पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात, तुझे मित्र गोंधळतील, तू वाचून दाखवशील. हे डोळ्यांपुढे आलं की मला फार बरं वाटतं.

त्याच बेटावर पोल ना बेश्ट आहे, खडकात चौकोनी कापल्यासारखा नैसर्गिक हौद. तिथे जाणारच तुम्ही. आजोबांचा नियम तुला पाठ आहे, नारळी पौर्णिमेआधी पाण्यात पाय नाही. पण कोकणात पावसाळी समुद्र आधी आभाळात दिसतो. इथे तसं नाही. हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या वादळाची लाट दोन-तीन दिवसांनी येऊन पोचते, आणि तेव्हा वर ऊन पडलेलं असतं. लाटा गटाने येतात: दहा-पंधरा मिनिटं शांत, मग चार-पाच मोठ्या. म्हणून खाली उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघा. कोरडा खडक कुठे संपतो ते बघा. जो खडक ओला, तिथपर्यंत पाणी आलेलं आहे आणि पुन्हा येईल. आपल्याकडे कॅज्युअल्टीत उन्हाळ्याच्या वीकेंडला काय येतं ते मी घरी सांगत नाही, पण तू माझा चेहरा पाहिलेला आहेस.

पोहायचं तर जीवरक्षक असतील तिथेच, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. ऑगस्टअखेरीसही पाणी १५-१६ अंशांच्या आसपास असतं. अंगावर येताच श्वास आपोआप जोरात ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं की संपलं. धडपडायचं नाही, पाठीवर तरंगायचं, मिनिट-दीड मिनिटात श्वास ताळ्यावर येतो. परतीचा ओढा लागला तर त्याच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर यायचं. दुसरा कुणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही. मनू, हे मुद्दाम तुला लिहिते, कारण तू टाकशील. किनाऱ्यावरची तरंगणारी रिंग फेकायची, ११२ लावायचा आणि कोस्ट गार्ड मागायचे.

बघ, पुन्हा पाठच वाचायला लागले. माफ कर. तू एकवीस वर्षांचा आहेस, आणि चौघांचा खर्च, मुक्काम, फेरीची तिकिटं सगळं एका तक्त्यात नीट मांडलंस, ते मी बाबांच्या फोनवर पाहिलं. मला तर तुझ्या वयात एस.टी.चं रिझर्व्हेशनही काकूने काढून दिलेलं होतं.

तुझ्या नाशिकच्या मित्राचं एक राहिलं. डोनेगल कराच म्हणालात आणि पुढे जायंट्स कॉजवेचा बेत निघाला, तर त्याला नेऊ नका. सीमेवर चौकी नाही म्हणून मुलांना वाटतं चालतं. पण उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये येतं, आणि त्याच्याकडचं आयरिश रेसिडेन्स परमिट तिथे चालत नाही, ब्रिटिश व्हिसा लागतो. पकडला गेला तर त्याचं इथलं शिक्षण धोक्यात येईल. त्याच्या घरच्यांनी कर्ज काढलंय हे तूच सांगितलंस.

भाजणीचा डबा मागच्या सीटखाली आहे, तव्याला तेल जास्त लागतं. ताप-खोकल्याच्या गोळ्या निळ्या पाऊचमध्ये आहेत, आणि चिमटाही. बरेनमध्ये उघड्या पायांनी गवतातून फिरलात तर रात्री पायांवर गोचिडी बघा. आजोबांना मी अजून कळवलेलं नाही. तूच परतल्यावर सांग.

रोज संध्याकाळी बाबांना एक मेसेज कर. मला वेगळा करायची गरज नाही.

तुझी,
आई

ता. क. कोनेमारात ओमी बेटावर वाळूतून चालत जाणार असशील तर ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत या. गाडी वाळूत घालू नका. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वेगाने चढतं. आणि भरतीचा तक्ता नीट बघ, पुष्कळ तक्ते ग्रीनिच वेळेत छापलेले असतात. ऑगस्टमध्ये त्यात एक तास मिळवावा लागतो.