गाणं कुणाचं, ते आधी वाच

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

बँड मोडला त्या वर्षी मी अ‍ॅम्प विकला आणि गिटार कपाटावर टाकून दिली. तुम्ही मला जिन्यात गाठलंत आणि हातात सीडी ठेवलीत: बॉब डिलनची 'वर्ल्ड गॉन राँग', १९९३ची. म्हणालात, "गाणं कुणाचं, ते आधी वाच. मग ऐक."

दहा गाणी, सगळी जुनी, दुसऱ्यांची. घोगऱ्या आवाजाचा एकटा माणूस आणि साधी गिटार. रॉकमधलं एवढं मोठं नाव आणि साधा ड्रमसुद्धा नाही, म्हणून मी खट्टू झालो होतो. मग पुस्तिका उघडली. कुठलं गाणं कुणाकडून घेतलं, ते डिलननं स्वतः लिहिलंय: दोन मिसिसिपी शीक्स या जुन्या बँडची, 'स्टॅक ए ली' फ्रँक हचिसनचं, 'लोन पिल्ग्रिम' डॉक वॉटसनच्या जुन्या रेकॉर्डवरून. आदल्याच वर्षीच्या 'गुड अ‍ॅज आय बीन टू यू'मध्ये हे नव्हतं आणि त्यावरून त्याला बोल लागला होता. तुम्ही दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून दाखवल्यात.

पण मला उठवलं ते 'ब्रोक डाउन इंजिन'नं. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या ब्लाइंड विली मॅकटेलचं गाणं, १९३१चं. गाणारा म्हणतो, मी बंद पडलेलं इंजिन, मला ड्रायव्हिंग व्हीलच नाही. मला ही नुसती उपमा वाटली होती. तुम्ही भुसावळच्या लोको शेडमध्ये उमेद घालवलेली. वर्तमानपत्राच्या कडेला वाफेचं इंजिन काढलंत. पिस्टनचा जोर रॉडमधून याच चाकांवर येतो, ती नसली तर बॉयलर कितीही तापवा, गाडी जागची हलत नाही. "म्हणजे जाळ आहे रे त्याच्यात," तुम्ही म्हणालात, "ओढायला चाक नाही." त्याच रात्री गिटार खाली काढली. दारावर थाप मारायची ओळ आली की डिलन गिटारच्या लाकडावर ठोकतो, तिथं तुमची बोटं स्टुलावर नेमकी पडायची.

त्याच सीडीतलं 'डिलिया' मी बोटांची सफाई दाखवायला भरभर वाजवत होतो. तुम्ही हात धरलात. १९००चा नाताळ, सव्हाना शहर, डिलिया ग्रीन, गोळी लागून गेली. "चौदा वर्षांची पोर होती. हळू."

काका, तेव्हापासून मी हळूच वाजवतो. आणि कुठंही वाजवलं तरी आधी सांगतो, हे अमक्याचं, मी तमक्याकडून घेतलं. गेल्या महिन्यात सोसायटीच्या कार्यक्रमात 'डिलिया'आधी तिचं नाव घेतलं, मग तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होतात. रागावला असाल तर माफ करा, पण ते राहू देणं मला जमलं नसतं.

सीडी अजून माझ्याकडेच आहे. पुस्तिकेच्या पिना गंजल्यात, तेवढ्या बदलून रविवारी घेऊन येतो. चहा टाकून ठेवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा